काली फॉर विमेन : भारतातील पहिले स्त्रीवादी प्रकाशन

उर्वशी बुटालिया आणि ऋतू मेनन यांनी १९८४ साली दिल्लीत ‘काली फॉर विमेन’ ही प्रकाशन संस्था स्थापन केली. हे भारतातील पहिले स्त्रीवादी पुस्तक प्रकाशन मानले जाते.

पार्श्वभूमी
मथुरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पोलिसांना निर्दोष सोडले. त्यानंतर बलात्कार आणि हुंडाबळीच्या विरोधात देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. चळवळ उभी राहिली, पण स्त्रियांनी लिहिलेली आणि त्यांच्या प्रश्नांवरची पुस्तके फारशी छापली जात नव्हती. काय छापायचे हे ठरवणारे दुसरेच होते. म्हणून प्रकाशनच स्वतःच्या हाती घ्यायचे ठरले.

महत्त्वाची पुस्तके
१९८९ साली कुमकुम संगारी व सुदेश वैद यांनी संपादित केलेले ‘रिकास्टिंग विमेन’ आले. त्याच सुमारास ‘शरीर की जानकारी’ हे हिंदी पुस्तकही निघाले. ते राजस्थानच्या खेड्यांतील सुमारे ७५ स्त्रियांनी मिळून तयार केले होते. उघड्या शरीराची चित्रे गावात चालणार नाहीत, म्हणून चित्रावरचा कपड्याचा कागद उचलल्यावर आतले शरीर दिसेल, अशी युक्ती त्यांनीच काढली.

फाळणी आणि पुढे
२००३ साली संस्थेच्या दोन संस्था झाल्या : बुटालिया यांची ‘जुबान’ आणि मेनन यांची ‘विमेन अनलिमिटेड’. २०११ साली दोघींना पद्मश्री मिळाली.

आपल्याशी संबंध
उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिले. १९८९ साली ते मुंबईच्या ‘स्त्री उवाच’ने मराठीत काढले. वंदना सोनाळकर यांचा इंग्रजी अनुवाद ‘जुबान’कडून २००८ साली आला, म्हणजे १९ वर्षांनी. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवरील शर्मिला रेगे यांचा ग्रंथ ‘जुबान’नेच २००६ साली छापला होता.

स्त्रीवादी प्रकाशन उभे राहिले, तरी दलित-बौद्ध स्त्रीला त्यात जागा मिळायला दोन दशके लागली. बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला तो याच जाणिवेतून. आपले म्हणणे दुसरा छापेल म्हणून वाट पाहता येत नाही. आपल्या आजी-आईने चळवळीत काय केले, हे आजही बहुतेक घरांत फक्त तोंडी आहे. ते लिहून घेणे आणि छापणे हे आपल्या पिढीचे काम आहे.