राष्ट्रांच्या सभेंत बिनसरकारी साक्ष : राजगडाचें उदाहरण

राष्ट्राराष्ट्रांचे व्यवहार म्हणजे केवळ सरकारांचे व्यवहार, असा एक पक्ष आहे. उलटपक्षीं, विद्वानांच्या व लोकसेवकांच्या बिनसरकारी संस्थाच आतां सरकारांस वळण लावितात, असें कित्येक प्रतिपादितात. हे दोन्ही पक्ष भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत तपासून पाहण्याजोगें आहेत. तोच विचार येथें करूं.

इ. स. १६६५ च्या जून महिन्यांत पुरंदरचा तह झाला. त्यान्वयें तेवीस किल्ले मोगलांकडे गेले व बारा शिवाजीमहाराजांकडे राहिले. वेल्ह्याकडील राजगड व तोरणा राहिले. भोरजवळचा रोहिडा गेला. हा निर्णय दोन सत्तांनीं आपसांत केला. त्यांत तिसऱ्या कोणाच्या अभिप्रायास जागा नव्हती. तेव्हां पहिला पक्ष त्या काळापुरता खरा मानिला पाहिजे.

आतां ११ जुलै २०२५ चा प्रसंग घ्या. त्या दिवशीं पॅरिस येथें जागतिक वारसा समितीनें मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाचे बारा किल्ले आपल्या यादींत घातले. पैकीं अकरा महाराष्ट्रांतील, बारावा तामिळनाडूंतील जिंजी. राजगड या बारांत आहे. समितींत एकवीस राष्ट्रांचे प्रतिनिधि बसतात, आणि अर्ज भारत सरकारचा होता. म्हणजे मागणारें सरकार व देणारींही सरकारेंच. तथापि मध्यें एक पायरी आहे. १९७२ च्या वारसा-करारानें सल्लागार म्हणून ज्या संस्था नांवानिशीं नेमिल्या, त्यांत ‘आयकोमॉस’ ही १९६५ सालीं स्थापन झालेली बिनसरकारी संस्था आहे. तिचे जाणकार स्थळें समक्ष पाहतात, कागद तपासतात व लेखी अभिप्राय समितीपुढें ठेवितात. ज्या देशाचा अर्ज, त्या देशाच्या सभासदांनीं परीक्षणांत भाग घ्यावयाचा नाहीं, असा तिचा नियम आहे. नैयायिक ज्यास आप्त म्हणतात, त्याचें लक्षण हेंच : वस्तु यथार्थ जाणणें व जाणल्याप्रमाणें सांगणें. स्वार्थ शिरला कीं आप्तत्व संपलें.

परंतु साक्षीदार हा न्यायाधीश नव्हे. २०१२ सालीं पश्चिम घाटांतील ३९ स्थळांचा अर्ज समितीपुढें होता. त्यांत कास, कोयना, चांदोली व राधानगरी हीं महाराष्ट्रांतील चार होतीं. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघानें अर्ज लांबणीवर टाकण्याचा सल्ला दिला. या संघांत सरकारें व बिनसरकारी संस्था दोन्ही सभासद आहेत. समितीनें तो सल्ला बाजूस सारून स्थळें यादींत घातलीं. मत देण्याचा अधिकार सरकारांचाच राहिला. सबब दुसरा पक्षही अतिव्याप्त ठरतो.

मग या साक्षीचें बळ कशांत आहे? उत्तर भोर तालुक्यांतच सांपडतें. कारी गांवच्या जेधे देशमुखांच्या घरीं एक शकावली होती. तींत इ. स. १६१८ पासून १६९७ पर्यंतच्या घडामोडींच्या नोंदी आहेत. ती १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं प्रसिद्धीस आणिली. तींत शिवजन्माची तिथि फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी होती. रूढ समजूत शके १५४९ ची होती. मोठा वाद माजला. घर खासगी, प्रकाशक बिनसरकारी, वादही विद्वानांचाच. तरी अखेर महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख स्वीकारिली. त्या कागदामागें हुकूम नव्हता. तो उघड्यावर मांडिला होता व ज्यास खोडावयाचा त्यास पुरावाच आणावा लागे, एवढेंच त्याचें सामर्थ्य.

हाच न्याय राष्ट्रांच्या सभेस लागू आहे. बिनसरकारी संस्थेस तेथें कान मिळतो, हात मिळत नाहीं. ती सरकारची भाट झाली तर तिची साक्ष निरुपयोगी. प्रतिस्पर्धी झाली तर तिला कोणी आंत घेणार नाहीं.

तोरणा व रोहिडा आज त्या बारांत नाहींत. त्यांचा अर्ज करणें वा न करणें सरकारच्या हातीं आहे. परंतु त्यांचे तट मोजणें, शिलालेखांचे ठसे घेणें, खोऱ्यांतील देशमुख-कुलकर्ण्यांचीं उरलेलीं दप्तरें वाळवीपासून वांचवून छापणें, यास कोणाची परवानगी अडवीत असेल तर ती केवळ आपल्या आळसाची. उद्यां परक्या देशांतील परीक्षक येऊन प्रमाण काय, असें विचारतील, तेव्हां जें छापलें असेल तेवढेंच पुढें ठेवितां येईल.