जुन्या चित्रपट प्रक्षेपकांची वीजजोडणी

जुन्या चित्रपट प्रक्षेपकांची वीजजोडणी या विषयात १६ मिमी, ९.५ मिमी व ८ मिमी फिल्म दाखवणाऱ्या प्रक्षेपकांची वीजपुरवठ्याची तार, प्लग, यंत्रावरील सॉकेट व आतील तारकाम यांचा समावेश होतो. निरनिराळ्या देशांतील विद्युतदाब, प्लगचे आकार व तारांचे रंगसंकेत भिन्न असल्यामुळे, केवळ प्लग सॉकेटमध्ये बसतो म्हणून असे यंत्र सुरू करणे सुरक्षित ठरत नाही.

विद्युतदाब व वारंवारता

१६ मिमी फिल्म कोडॅक कंपनीने १९२३ मध्ये बाजारात आणली. अमेरिकी बनावटीच्या प्रक्षेपकांचे दिवे सामान्यतः ११० ते १२० व्होल्टचे असत. भारतासारख्या २३० व्होल्ट पुरवठ्याच्या देशांत अशा यंत्रासाठी स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर लागतो. थेट जोडल्यास दिवा तत्काळ जळतो. ७५० वॅटचा दिवा ११० व्होल्टवर सुमारे ६.८ अँपिअर प्रवाह घेतो. मोटर व ध्वनिवर्धकाचा भार धरता ट्रान्सफॉर्मर सुमारे १ किलोव्होल्ट-अँपिअर क्षमतेचा असावा लागतो.

ट्रान्सफॉर्मरमुळे वारंवारता मात्र बदलत नाही. ६० हर्ट्झसाठी बनवलेली सिंक्रोनस मोटर ५० हर्ट्झवर पाच-षष्ठांश वेगाने फिरते. परिणामी सेकंदाला २४ ऐवजी २० चित्रे सरकतात व ध्वनी खालच्या पट्टीत ऐकू येतो.

तारांचे रंग

जुन्या ब्रिटिश पद्धतीत फेज लाल, न्यूट्रल काळी व अर्थिंगची तार हिरवी असे. अमेरिकेत फेज काळी, न्यूट्रल पांढरी व अर्थिंग हिरवी असते. जर्मनीत १९६० च्या दशकापर्यंत लाल रंग अर्थिंगसाठी वापरला जाई. अशा यंत्राची लाल तार फेज समजून जोडल्यास धातूच्या संपूर्ण सांगाड्यात वीज उतरते व स्पर्श प्राणघातक ठरू शकतो. नंतरच्या आंतरराष्ट्रीय संकेतानुसार लवचिक तारांत फेज तपकिरी, न्यूट्रल निळी व अर्थिंग हिरवी-पिवळी असते.

प्लग

अनेक जुन्या यंत्रांना दोन पिनांचा, उलटसुलट बसणारा प्लग असे. कळ एकच तार तोडणारी असल्यास, प्लग उलटा बसल्यावर यंत्र बंद दिसूनही दिव्याच्या होल्डरमध्ये वीज राहते. भारतातील तीन गोल पिनांचे प्लग ब्रिटिश बीएस ५४६ मानकावर आधारित असून त्यांतील मोठी पिन अर्थिंगची असते. मात्र यंत्राचा सांगाडा अर्थिंगच्या तारेला जोडलेला नसल्यास त्या पिनेचा उपयोग होत नाही.

जीर्ण तारकाम व तपासणी

दिव्याच्या उष्णतेने रबरी आवरण कडक होऊन तडकते. काही यंत्रांत दिव्याजवळील तारांवर ॲस्बेस्टॉसचे आवरण असते. त्याचे तंतू श्वासावाटे शरीरात जाणे घातक असल्याने ते खरवडू नये. जुन्या कागदी कपॅसिटरमधून गळतीप्रवाह वाहू शकतो. त्यामुळे यंत्र सुरू करण्यापूर्वी नामपट्टीवरील विद्युतदाब व वारंवारता पाहणे, प्रत्येक तार मल्टिमीटरने तिच्या दोन्ही टोकांपर्यंत तपासणे आणि तारा व सांगाडा यांमधील विद्युतरोधन मेगरने मोजणे आवश्यक असते.