विणीचा काळ आणि गळ : परभणीच्या पाण्यातील एक जुना प्रश्न

मराठी वाङ्मयात मासा सहसा दोन रूपांत भेटतो. पहिला मासा पाण्यावेगळा होऊन तळमळणारा. संतांनी विरहाची उपमा म्हणून त्याला पुनःपुन्हा बोलावले. दुसरा आमिषाला भुलून गळ गिळणारा. तो विषयासक्त जीवाचा दृष्टान्त. 'गळाला लागणे', 'जाळे टाकणे', 'आमिष दाखवणे' हे आपले नित्याचे वाक्प्रचार या दुसऱ्या माशाचेच वंशज होत. पिलांची राखण करणारा मासा मात्र आपल्याकडे जवळजवळ नाही. अपत्यस्नेहासाठी संतांनी निवडली ती कासवी, जी नुसत्या दृष्टीने पिले पोसते. कुलार्णवतंत्रात दीक्षेचे प्रकार सांगताना वाटणी निराळी आहे : तेथे पक्षी स्पर्शाने, मासा दृष्टीने आणि कासव केवळ ध्यानाने पिले वाढवते. मराठीत येईतो दृष्टीचे दान कासवीकडे गेले आणि माशाच्या वाट्याला उरली ती म्हण, की माशाच्या पिलाला पोहायला शिकवावे लागत नाही.

हा तपशील आम्ही केवळ वाङ्मयीन कुतूहलापोटी नोंदवीत नाही. ज्या प्राण्याला भाषा केवळ भक्ष्य म्हणून ओळखते, त्याच्या विणीच्या काळाकडे समाज, राजसत्ता आणि कायदा कोणत्या नजरेने पाहतात, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी आम्ही परभणी जिल्ह्यातील पाणी आणि त्यातील एक मासा निवडला आहे : मरळ.

परभणी हा गोदावरीचा आणि तिला मिळणाऱ्या पूर्णा-दुधनेचा जिल्हा. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड असे करीत गोदावरी पूर्वेकडे जाते. जिंतूर तालुक्यात येलदरी येथे पूर्णा अडविली आहे. नदीचे डोह, तळी, १९७२च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांतून मराठवाडाभर झालेले पाझर तलाव, अशा संथ आणि पाणवनस्पतींनी भरलेल्या पाण्यात मरळ सुखाने राहते. कल्ल्यांबरोबरच हवेतूनही ती श्वास घेते. त्यामुळे गढूळ, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही ती तगते आणि बाजारात जिवंत विकली जाते. तिला भाव येतो तो यामुळेही. पावसाळा लागला की नर-मादी काठालगतच्या गवतात थोडी जागा मोकळी करतात. पिवळसर अंडी तेथे पाण्यावर तरंगतात, दोनतीन दिवसांत फुटतात आणि मग सुमारे महिनाभर पिलांचा थवा आईबापांच्या पहाऱ्यात फिरतो. श्वासासाठी थवा वर आला की पाणी एका जागी बुडबुड्यांनी चाळवल्यासारखे दिसते. त्याच्या खाली, थोड्या खोलीवर, राखणदार असतात.

जाणत्या मासेमाराला एवढी खूण पुरते. थव्याजवळ बेडूक लावलेला गळ सोडला की मरळ त्यावर तुटून पडते. या काळात ती पुष्कळदा भुकेपोटी नव्हे, तर पिलांजवळ आलेल्या परक्याला हुसकावण्यासाठी झेप घेते. म्हणजे संतांचा दृष्टान्त येथे लागू पडत नाही. लोभाने गळ गिळणारा मासा हा नव्हे. राखण करताना सापडलेला हा मासा आहे. पालक गेले की थवा विस्कटतो आणि इतर माशांच्या, बगळ्यांच्या, खंड्यांच्या तोंडी जातो. एका गळाला एक मासा लागतो, परंतु त्यासोबत त्या वर्षीची एक अख्खी पिढी संपू शकते.

हा पेच केवळ आपल्याकडचा नाही. उत्तर अमेरिकेतील लार्जमाउथ बास या माशाचा नर वसंतात उथळ पाण्यात तळ साफ करून घरटे करतो आणि अंडी-पिलांची राखण करतो. हौशी गळकऱ्यांचा तो आवडता मासा, आणि घरट्यावरचा नर सर्वांत सहज सापडणारा. १९९७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले, की असा नर पकडून जिवंत सोडला तरी मधल्या काळात घरटे लुटले जाते, आणि तो ते सोडून जाण्याची शक्यता वाढते. कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या बऱ्याच भागात म्हणूनच बासची शिकार जून उतरेपर्यंत बंद ठेवण्याची रीत आहे. अमेरिकेतील कित्येक राज्यांत तसे बंधन नाही. तेथे प्रश्न हौसेचा आहे आणि आपल्याकडे पोटाचा. पण राखणदाराच्या राखणीचाच गळ करावा काय, हे मूळ कोडे एकच.

भारतात विणीच्या काळातील संयमाचा सर्वांत जुना लेखी पुरावा अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात शोधला जातो. राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी कोरलेल्या या लेखात तीन चातुर्मासी पौर्णिमा, तिष्य पौर्णिमा, त्यांच्या लगतचे दिवस आणि उपोसथाचे दिवस मासे मारण्यास व विकण्यास वर्ज्य ठरविले आहेत. याच लेखात गाभण किंवा दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या व डुकरिणी अवध्य सांगितल्या आहेत. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५०च्या सुमारास या लेखाचा मत्स्यव्यवसायविषयक कायदा म्हणून विचार केला. आम्हांस मात्र येथे एक भेद लक्षणीय वाटतो. चतुष्पाद मादीला अभय मिळाले ते तिच्या मातृत्वामुळे. माशाला मिळाले ते तिथीमुळे. आषाढी पौर्णिमा विणीच्या ऐन हंगामात येते आणि त्या तीन दिवसांत काही मासे वाचतही असतील. पण तिथीचे पुण्य आणि माशाचे वेळापत्रक यांची गाठ तेथे योगायोगानेच पडते.

याच होरांनी दुसरा एक ग्रंथ अभ्यासला, तो आपल्या अधिक जवळचा. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' रचला. आजचा मराठवाडा तेव्हा याच सत्तेखाली होता. मराठीच्या विद्यार्थ्यांना हा ग्रंथ ठाऊक असतो तो महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात या उल्लेखासाठी. त्याच ग्रंथात, राजाच्या विनोदांमध्ये, 'मत्स्यविनोद' असे प्रकरण आहे. खवल्यांचे व बिनखवल्यांचे, समुद्रातले व नदीतले असे माशांचे भेद, कोणत्या माशाला कोणते खाद्य रुचते, खाऊ घालून मासे एका जागी कसे जमवावेत, दोर, काठी व गळ कसे असावेत, यांचे त्यात बारकाईने वर्णन आहे. माशाच्या सवयी जाणणारा इतका जुना ग्रंथ दख्खनच्या भूमीत झाला, ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु हे सारे ज्ञान विनोदासाठी, म्हणजे राजाच्या करमणुकीसाठी मांडलेले आहे. माशाला काय आवडते हे जाणून घ्यायचे, ते त्याला पकडण्यासाठी. ज्ञान आणि ममत्व या दोन वस्तू निराळ्या असतात, हे या प्रकरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

एकोणिसाव्या शतकात हे ज्ञान दुसऱ्या हातांत गेले. मुंबई सरकारच्या सांख्यिकी पाहणीवर नेमलेले विल्यम साइक्स यांनी १८३९मध्ये दख्खनमधील माशांची वर्णने प्रसिद्ध केली आणि शास्त्रीय नावे देताना येथल्या लोकांच्या तोंडची नावे उचलली. 'खुद्री', 'कोलस', 'नुक्ता', 'सिंगटी' हे शब्द आजही जगभरच्या प्राणिशास्त्रात लॅटिन वेष घालून वावरतात. मराठी कोळी-भोयांच्या भाषेला मिळालेला हा सन्मान आपल्या वाङ्मयेतिहासात कोठे नोंदलेला आमच्या पाहण्यात नाही. पुढे फ्रान्सिस डे यांचा गोड्या पाण्यातील मत्स्यव्यवसायावरील अहवाल आणि हेन्री सुलिव्हन थॉमस यांचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक, ही दोन्ही १८७३ साली निघाली. चढणीला लागलेले मासे आणि त्यांची कोवळी पिले बारीक जाळ्यांनी व सापळ्यांनी सर्रास मारली जातात, ही या दोघांचीही तक्रार होती. अशा चर्चेतूनच पुढे १८९७चा भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा आला. सुरुंग आणि विष यांनी मासे मारणे त्याने गुन्हा ठरविले; जाळ्यांचे आस, बांध, ठरावीक पाण्यात काही काळ मासेमारी बंद ठेवणे, हे मात्र प्रांतिक सरकारांच्या नियमांवर सोपविले.

परभणी त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हती. ती निजामाच्या राज्यात होती आणि १९४८पर्यंत राहिली. या राज्याच्या राजधानीत मरळीला एक वेगळेच स्थान होते, आणि आजही आहे. मृग नक्षत्र लागताना हैदराबादेत दम्याच्या रुग्णांना औषध भरलेले मरळीचे जिवंत पिलू गिळायला दिले जाते. त्याचा गुण वैद्यकशास्त्राने मान्य केलेला नाही; तरी तेथे जमणारी गर्दी सर्वश्रुत आहे. तेलंगणाने तर मरळीला राज्यमासा म्हणून मान दिला. ज्या मृगावर शेतकरी पेरणीसाठी डोळे लावून बसतो, त्याच सुमारास मरळ विणीला लागते. एकाच नक्षत्रावर बी जमिनीत जाते आणि पिलू घशात, हा विरोध कोणा कवीच्या नजरेस पडायला हवा होता.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले ते धरणांनी. येलदरीचे धरण १९६८मध्ये पूर्ण झाले, पैठणचे जायकवाडी १९७६मध्ये. त्याचा डावा कालवा परभणीपर्यंत आला. जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने मिळू लागले आणि त्यांत रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले जाऊ लागले. हे मासे वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालतात. साचलेल्या पाण्यात सहसा घालीत नाहीत. ही अडचण १० जुलै १९५७ रोजी दूर झाली. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण करवून घेतली. आज तो दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो, आणि तो योग्यच आहे. लाखो लोकांच्या ताटात मासा आला तो या शोधामुळे.

पण या यशाला दुसरी बाजू आहे. वीण नदीतून निघून बीजकेंद्रात गेली आणि नदीतल्या विणीची फिकीर करण्याचे व्यावहारिक कारणच उरले नाही. मरळीच्या बाबतीत तर उलटेच झाले. ती इतर मासे खाणारी. म्हणून तळ्यात कार्पचे बीज सोडण्यापूर्वी तिला काढून टाकावे, असे मत्स्यशेतीचे पाठ सांगतात. बाजारात जिला सर्वाधिक भाव, तीच मत्स्यशेतीच्या हिशेबात उपद्रवी ठरली. जे बीज आपण विकत आणतो त्याची काळजी, आणि जे पाण्यात आपोआप वाढते त्याची उपेक्षा, असा हा व्यवहार आहे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. नदीवर जगणाऱ्या भोई कुटुंबाला पावसाळ्यात मासे मारू नका असे सांगणे सोपे. त्या दोन महिन्यांची चूल कोणी पेटवायची? महाराष्ट्राच्या सागरकिनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांची मासेमारी बंद असते आणि त्या काळातील मदतीचा प्रश्न तेथेही वारंवार निघतो. नदीकाठच्या मासेमाराचा आवाज तर त्याहून क्षीण. चढणीचे मासे, गाबोळी भरलेला मासा, हे गरिबाघरचे वर्षातले सर्वांत पौष्टिक अन्न असू शकते. म्हणून सरसकट बंदीची मागणी आम्ही करीत नाही. पालखी वाहणाऱ्या भोयाच्या खांद्यावर पर्यावरणाचेही ओझे टाकून आपण मोकळे होणे शोभत नाही.

परंतु मरळीच्या बाबतीत लागणारा संयम फार थोडा आहे. सगळी नदी सोडायची नाही, सगळा पावसाळाही नाही. बुडबुड्यांच्या त्या चाळवलेल्या जागेखालची एक जोडी, सुमारे महिनाभर, एवढेच. ती जागा ओळखण्याचे ज्ञान मासेमाराजवळच आहे. ज्या खुणेने तो मासा मारतो, त्याच खुणेने तो वाचवूही शकतो. त्यासाठी जलाशय ठेक्याने देणाऱ्या शासनाने मरळीला उपद्रवी न मानता त्या पाण्याचे धन मानले पाहिजे आणि राखलेल्या थव्याचा लाभ त्याच गावाच्या मासेमाराला मिळेल, अशी व्यवस्था केली पाहिजे.

उरते ते आपले, भाषेच्या अभ्यासकांचे काम. स्तंभलेखाने माशाला तिथी दिली, मानसोल्लासाने खाद्य दिले, साइक्सने नाव दिले, कायद्याने सुरुंगापासून अभय दिले. दृष्टीने पिले पोसणारा मासा मात्र एका तंत्रग्रंथाच्या ओळीतच राहिला. वर्गात 'गळाला लागणे' हा वाक्प्रचार शिकविताना त्या गळापलीकडचा राखणदारही विद्यार्थ्यांना दाखविता येईल. दृष्टान्त एकदा बदलला म्हणून व्यवहार लगेच बदलतो असे नाही. पण दृष्टान्तात ज्याला आईबापाची जागाच नाही, त्याच्या पिलांची चिंता व्यवहारात कोणी करील, ही आशा त्याहूनही दूरची आहे.