आडनावात राहिलेले गाव

मराठी माणसाचे आडनाव म्हणजे पुष्कळदा त्याच्या पूर्वजांनी सोडलेले गाव असते. गावात राहणाऱ्याला 'कर' हा प्रत्यय लावून घेण्याचे फारसे प्रयोजन नसते. परमुलखात कोणी 'कुठले?' म्हणून विचारले, म्हणजे त्याची गरज पडते. पुढे तेच नाव गावातल्या भाऊबंदांनाही चिकटते, ही गोष्ट वेगळी. या दृष्टीने मालवणकर, पेडणेकर, वराडकर ही आडनावे स्थलांतराच्या नोंदीच होत. आयर्लंडमधील जुनी रीत याच्या उलट आहे. तेथील 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज आणि 'मॅक' म्हणजे पुत्र. आयरिश आडनाव मूळ पुरुष जपते आणि गाव विसरते. आपले आडनाव गाव जपते आणि पुरुष विसरते.

या दोन रीतींची गाठ एका घरात पडली. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील वराड हे ज्यांचे मूळ गाव, ते मुंबईत जन्मलेले डॉ. अशोक वराडकर 1960च्या दशकात इंग्लंडला गेले. तेथे स्लाव येथे काम करताना त्यांची ओळख मिरियम या परिचारिकेशी झाली. मिरियम आयर्लंडच्या वॉटरफर्ड परगण्यातील डंगारव्हन गावच्या. दोघांचा विवाह 1971 साली झाला आणि 1973 मध्ये हे कुटुंब डब्लिनला स्थायिक झाले. त्यांचे धाकटे अपत्य लिओ यांचा जन्म 1979चा. तेही डॉक्टर झाले, राजकारणात शिरले आणि जून 2017 मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले. डब्लिनमध्ये निवड झाली आणि वराडात आनंद साजरा झाला. कारण उघड होते. वर्तमानपत्रात नाव छापले गेले, त्यातच गावाचा पत्ता होता.

आयरिश वंशजाच्या वाट्याला इतके सोपे काही येत नाही. 1845 पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. त्यांची पणतवंडे आज अमेरिकेतून मूळ शोधीत येतात, तेव्हा त्यांच्यापाशी आडनाव असते. पण साठ हजारांहून अधिक असलेल्या लहानलहान गाववाड्यांपैकी आपली कोणती, हे ठाऊक नसते. त्यात 30 जून 1922 रोजी यादवी युद्धाच्या धुमश्चक्रीत डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समधील सरकारी दप्तरखाना जळाला. 1821 ते 1851 या काळातील शिरगणतीचे बहुतेक कागद त्यात गेले. नंतरच्या चार शिरगणत्यांचे कागद तर सरकारनेच नष्ट केले होते. म्हणून शोधकाला 1901 आणि 1911ची शिरगणती, चर्चमधील बाप्तिस्म्याच्या वह्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ग्रिफिथ यांनी केलेली जमिनींची आकारणी यांवर भिस्त ठेवावी लागते. शेवटी हाती लागते ते एखादे छप्पर उडालेले दगडी घर, आणि चुलीच्या जागी उगवलेले गवत.

आपल्याकडे दप्तर जळाले नाही. ते वाचणारे कमी झाले. घरातल्या पेटीत मोडीतला कागद असतो, पण नातवाला तो अक्षर म्हणूनही ओळखता येत नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत आजोबा-पणजोबांनी स्वतः येऊन सांगितलेली नावे आहेत. त्या पाहायच्या तर आडनाव आणि मूळ गाव ही दोन्ही सांगावी लागतात. कोकणात मात्र घराण्याचा खरा ग्रंथ म्हणजे सातबारा. पिढीगणिक त्यावर नावे चढत जातात. एका आंब्याच्या कलमाला डझनभर सहहिस्सेदार होतात आणि त्यांतले निम्मे परगावी असतात. वंशवृक्ष काढणाऱ्यांनी कुलवृत्तांताइतकाच हा उतारा श्रद्धेने वाचावा. कुलवृत्तांत घराण्याचे वैभव सांगतो. भांडण सांगतो तो सातबाराच.

आणि ते घर! जांभ्या चिऱ्याचे जोते, सारवलेले खळे, मधोमध तुळस, पडवी, मग काळोखे माजघर आणि आत देवाची खोली. कौले येण्यापूर्वी गवताने शाकारलेली केंबळी घरे होती. आयर्लंडचे जुने झोपडीवजा घरही गवतानेच शाकारलेले असे. दोन्हीकडे दरवर्षी पावसाशी झुंज. वाडवडिलांच्या घराची आठवण म्हणून आपण जे सांगतो, ते मात्र बहुधा तेथे कायम राहिलेल्या माणसाचे नसते. मुंबईत वाढलेल्या पिढीने ते मे महिन्यात आणि गणपतीत पाहिले. म्हणून त्या आठवणीत फणस आहे, आरती आहे. फुटलेला बांध आणि भाद्रपदातली उसनवारी नाही. घर राखले ते मागे राहिलेल्या काकूने किंवा धाकट्या भावाने. त्यांची आठवण कोणी लिहून घेतली नाही. मूळ शोधणाऱ्याने पहिला प्रश्न त्यांना विचारावा असे मला वाटते.

डिसेंबर 2019 मध्ये लिओ वराडकर आईवडील, बहिणी आणि त्यांच्या मुलांसह वराडला आले. तीन पिढ्या एकदम. भेट खासगी होती, तरी गाव लोटला. त्यांनी वडिलोपार्जित घर पाहिले, देवळात गेले. वैद्यकीय शिक्षणाच्या अखेरीस मुंबईच्या केईएम रुग्णालयात उमेदवारी केलेल्या माणसाला हा प्रांत अगदी अनोळखी नव्हता. जून 2020 मध्ये ते पायउतार झाले, डिसेंबर 2022 मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले आणि एप्रिल 2024 मध्ये ते पद त्यांनी सोडले. गावाने धरलेले नाते या चढउतारांवर अवलंबून नाही, कारण ते पदाशी नसून आडनावाशी आहे.

पण आडनावाशी आहे म्हणूनच ते अर्धेही आहे. आपल्या वंशावळीच्या पद्धतीने हे घराणे मांडले, तर वराडची शाखा पिढ्यान्‌पिढ्या मागे जाईल आणि डंगारव्हन एका ओळीत संपेल: 'पत्नी मिरियम, माहेर आयर्लंड'. कित्येक वंशावळींत तेवढीही ओळ नसते. मुलगी लग्न होऊन गेली की तिची रेघ तुटते, आणि आलेल्या सुनेचे पूर्वीचे नावही पुसले जाते. आयर्लंडच्या 1911च्या शिरगणतीचा तक्ता याबाबतीत पाहण्यासारखा आहे. त्यात घरातील प्रत्येकाचे नाव, वय, धर्म, धंदा, लिहिता-वाचता येते की नाही, आयरिश बोलता येते की नाही, हे आहेच. शिवाय विवाहित बाईपुढे आणखी तीन रकाने आहेत: लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली आणि त्यांतली किती आज हयात आहेत.