पंचांच्या मदतीला पडदा

दोहा येथे ११ जून २०२४ रोजी विश्वचषक पात्रता सामन्यात भारत कतारविरुद्ध १-० असा आघाडीवर होता. ७३ व्या मिनिटाला गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने अडवलेला चेंडू गोलखांबाच्या बाजूने अंतिम रेषेबाहेर गेला. कतारच्या खेळाडूने तो पायाने आत ओढला, युसूफ आयमनने जाळ्यात धाडला आणि पंचांनी गोल बहाल केला. भारतीय खेळाडूंनी दाद मागितली. पण मागायची कोणाकडे? पात्रता स्पर्धेच्या त्या फेरीत व्हिडिओ पंचांची सोयच नव्हती. भारत १-२ असा हरला आणि तिसरी फेरी प्रथमच गाठण्याची संधी हुकली. चेंडू बाहेर गेल्याचे टीव्हीपुढे बसलेल्यांना रिप्लेमध्ये दिसत होते. ज्यांना ते दिसणे सर्वांत आवश्यक, त्या पंचांनाच ते पाहण्याची मुभा नव्हती.

फुटबॉलमधील हे दुखणे जुने आहे. १९६६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जेफ हर्स्टचा फटका आडव्या खांबाला लागून खाली आपटला. तो रेषेच्या आत होता की बाहेर, यावर इंग्लंड आणि जर्मनीत आजही एकमत नाही. १९८६ मधला मॅराडोनाचा ‘हात’ तर सर्वश्रुतच आहे.

तरीही नियम ठरवणारे ‘इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्ड’ हे मंडळ बरीच वर्षे बधले नाही. १८८६ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळात चार ब्रिटिश संघटनांना प्रत्येकी एक आणि ‘फिफा’ला चार मते आहेत, बदलासाठी तीन चतुर्थांश मते लागतात. त्यामुळे तेथे घाई सहसा होत नाही. अखेर २७ जून २०१० या एकाच दिवसाने चित्र पालटले. दक्षिण आफ्रिकेत ब्लूमफाँटेन येथे फ्रँक लॅम्पार्डचा फटका खांबाला लागून स्पष्टपणे रेषेच्या आत पडला. जर्मनीविरुद्ध २-२ अशी बरोबरी करून देणारा तो गोल नाकारला गेला. त्याच दिवशी जोहान्सबर्गमध्ये अर्जेंटिनाच्या कार्लोस टेवेझचा ऑफसाइड गोल मेक्सिकोविरुद्ध मान्य झाला. त्याचा रिप्ले मैदानातील पडद्यावरही झळकला, पण नियमानुसार पंचांना तो आधार घेता येत नव्हता. ‘फिफा’चे तत्कालीन अध्यक्ष सेप ब्लाटर यांनी दोन्ही संघांची माफी मागितली. २०१२ मध्ये गोलरेषा तंत्रज्ञानाला मान्यता मिळाली आणि २०१४ च्या विश्वचषकात ते वापरले गेले.

व्हिडिओ साहाय्यक पंच, म्हणजे ‘व्हीएआर’, हा पुढचा टप्पा. २०१६ पासून प्रयोग झाले. २०१८ मध्ये नियमांत तरतूद होऊन रशियातील विश्वचषकात ही पद्धत आली. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला झालेली शिक्षा या चारच बाबतींत तेव्हा व्हिडिओ पंचांना हस्तक्षेप करता येत होता. चूक ढळढळीत असावी किंवा गंभीर घटना पंचांच्या नजरेतून सुटलेली असावी, ही अट. अंतिम निर्णय मैदानावरील पंचांचाच.

क्रिकेटच्या चाहत्याला यात नवल वाटणार नाही. १९९२ मध्ये डर्बन कसोटीत तिसऱ्या पंचांनी टीव्हीवर पाहून धावबाद ठरवलेला पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकरच होता! मात्र क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडूनंतर खेळ आपसूक थांबतो. फुटबॉलमध्ये तो वाहता असतो. थांबवणे हेच मुळी खेळात ढवळाढवळ करणे ठरते.

खरा पेच मात्र वेळेचा नाही. चेंडू रेषेपलीकडे गेला का, खेळाडू ऑफसाइड होता का, हे मोजमापाचे प्रश्न आहेत. कतारमधील २०२२ च्या विश्वचषकात १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ बिंदू टिपत होते आणि चेंडूतील यंत्र सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होते. याउलट चेंडू हाताला लागणे शिक्षेस पात्र आहे की नाही, हा मताचा प्रश्न. २०१८ च्या अंतिम सामन्यात क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला चेंडू लागला, तेव्हा पंच नेस्टॉर पिटाना यांनी पडद्यावर तो प्रसंग पाहूनच फ्रान्सला पेनल्टी दिली. वाद शमला नाही. पडदा हात दाखवतो, हेतू दाखवत नाही. म्हणून मोजता येण्याजोग्या बाबतींत तंत्रज्ञानाला मुक्तद्वार द्यावे आणि मताच्या प्रश्नांत हात आखडता घ्यावा, असे आमचे मत आहे.

शिवाय पडद्यामागेही माणसेच बसतात. ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियाझचा वैध गोल मैदानावर ऑफसाइड ठरला. व्हिडिओ पंचांना वाटले, गोल दिलेलाच आहे. त्यांनी ‘तपासणी पूर्ण’ असे कळवले आणि खेळ पुन्हा सुरू झाला. चूक उमगली तेव्हा नियमाने मागे फिरता येत नव्हते. एवढे होऊनही जून २०२४ मध्ये प्रीमियर लीगच्या २० पैकी १९ क्लबांनी ‘व्हीएआर’ राखण्याच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी स्वीडनने मात्र क्लबांच्या विरोधामुळे ही पद्धत न आणण्याचा निर्णय घेतला. तेथील क्लबांत चाहत्या-सभासदांचा शब्द चालतो.

कमी पैशाच्या स्पर्धांसाठी ‘फिफा’ने आणखी एक वाट चाचपून पाहिली आहे. ‘फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट’ पद्धतीत स्वतंत्र व्हिडिओ पंच नसतात. प्रशिक्षक मोजक्या वेळा दाद मागू शकतात आणि पंच स्वतःच मैदानालगतच्या पडद्यावर चित्रण पाहतात. कोलंबियात २०२४ मध्ये झालेल्या २० वर्षांखालील महिलांच्या विश्वचषकात तिची चाचणी झाली. दोह्यातील तो चेंडू रेषेबाहेर गेल्याचे पाहायला यापेक्षा अधिक सामग्री लागली नसती.