तेरेखोलचे दोन तीर

१९१४ साली महायुद्ध पेटताच इंग्रजांचे मांडलिक असलेले सावंतवाडी संस्थान, कोणी कौल न घेता, युद्धात ओढले गेले; परंतु संस्थानातील आरोंद्याहून होडीने तेरेखोल खाडी ओलांडली की लागणारे किरणपाणी मात्र पोर्तुगीज अमलाखाली होते, आणि त्या सरकारने ना तटस्थता जाहीर केली होती, ना युद्ध पुकारले होते. मोठी सोयीची त्रिशंकू अवस्था! पुढे जहाजांचा तुटवडा पडलेल्या इंग्लंडच्या विनंतीवरून पोर्तुगालने फेब्रुवारी १९१६ मध्ये आपल्या बंदरांत आश्रयास राहिलेल्या जर्मन आगबोटी सरकारजमा केल्या, तेव्हा ९ मार्चला जर्मनीने युद्ध पुकारले. मुरगावात अडकलेल्या जर्मन जहाजांचाही आसरा संपला. खाडीचे दोन्ही तीर आता एकाच पक्षाचे झाले, आणि सावंतवाडीचे अधिपती बापूसाहेब महाराज स्वतः मेसोपोटेमियाच्या आघाडीवर रुजू झाले.