स्टॅगचे मैदान

आपल्याकडे कॉलेजातील खेळ म्हटले म्हणजे जिमखाना डोळ्यांपुढे येतो. वर्षाकाठी घेतलेली थोडी जिमखाना फी, क्रिकेटची एक फाटकी जाळी, आणि शारीरिक शिक्षणाचे एक शिक्षक, ज्यांच्या खोलीची किल्ली नेमकी सामन्याच्या दिवशी सापडत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात याच कामासाठी एक स्वतंत्र संस्थान नांदत असते. त्याला संचालक असतो, तिकीटविक्रीची कचेरी असते, डॉक्टर असतात, वकील असतात. मिशिगन विद्यापीठाने १९२७ साली आपले स्टेडियम बांधले तेव्हा सरकारापुढे हात पसरला नाही. पाचशे डॉलरांचा एक असे तीन हजार रोखे विकले आणि रोखेधारकाला चांगल्या जागेचे तिकीट विकत घेण्याचा हक्क दिला. आज त्या स्टेडियमात एक लाखाहून अधिक माणसे बसतात. विद्यापीठाच्या अंगणात हे संस्थान कसे उभे राहिले, याची हकीकत आज सांगावयाची आहे. आणि ती सांगण्यासाठी आम्ही शिकागोची निवड केली आहे. हे खाते ज्या विद्यापीठाने प्रथम नीट उभारले, त्यानेच पुढे त्याचा मुख्य खांब आपल्या हाताने काढून टाकला.

रॉकफेलर यांच्या देणगीवर शिकागो विद्यापीठ १८९२ साली उघडले. अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे हिब्रू भाषेचे पंडित. त्यांच्यापुढे अडचण अशी की विद्यापीठ कोरे करकरीत. त्याला ना जुने विद्यार्थी, ना परंपरा. शहर धान्याच्या आणि मांसाच्या व्यापाराचे. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानाची बातमी कोणते वर्तमानपत्र छापणार? सामन्याची मात्र छापते. हार्परांनी येलमधील आपला जुना विद्यार्थी अ‍ॅमोस अलोंझो स्टॅग याला बोलावून घेतले. धर्मोपदेशक होण्यासाठी निघालेला हा तरुण व्यासपीठ सोडून मैदानाकडे वळला होता. हार्परांनी त्याला नुसते खेळ शिकवण्यास ठेवले नाही. व्यायाम व खेळांचे एक खाते काढले, त्याचे संचालकपद आणि त्याबरोबर प्राध्यापकवर्गात कायमची जागा दिली. अमेरिकेत तोवर असे कोठेच घडले नव्हते.

पहिल्या वर्षी संघाला माणसे पुरेनात, तेव्हा संचालक स्वतःच कपडे बदलून खेळावयास उतरले! तेथला फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. चेंडू हातात घेऊन धावावयाचे आणि समोरच्याने अंगावर झेप घालून पाडावयाचे, असा तो धसमुसळा खेळ. पण प्रेक्षकांना तो आवडला. १८९४ च्या नाताळात स्टॅग आपला संघ आगगाडीने थेट कॅलिफोर्नियाला घेऊन गेले. १९०५ साली आपल्याच मैदानावर शिकागोने मिशिगनचा २-० असा पराभव केला, तेव्हा मिशिगनची ५६ सामन्यांची अजिंक्य परंपरा खंडित झाली. त्या दिवशी सुमारे सत्तावीस हजार लोक जमले होते.

आता कारभाराकडे वळू, कारण खरी मेख तेथे आहे. स्टॅग जमाखर्चाबद्दल प्राध्यापकांच्या सभेला बांधलेले नव्हते. ते अध्यक्षांना आणि विश्वस्तांना जबाब देत. तिकिटांचे उत्पन्न खात्याचे आणि खर्चही खात्याचा. वरवर पाहता यात गैर काय? जो आपले पोट आपण भरतो त्याने दुसऱ्याचे का ऐकावे? परंतु विद्यापीठात संस्कृतचा किंवा गणिताचा विभाग आपले पोट आपण भरत नाही, आणि म्हणूनच त्याला सर्वांपुढे उभे राहून आपल्या कामाचे समर्थन करावे लागते. ज्या खात्याला पैसे मागावे लागत नाहीत, त्याला कोणी प्रश्नही विचारत नाही. स्टॅग स्वतः कडक माणूस होते. दारू नाही, तंबाखू नाही, लोभ नाही. पण व्यवस्था माणसाच्या चारित्र्यावर उभी केली म्हणजे पुढच्या माणसाच्या हाती ती कशी पडेल हे कोणी सांगावे?

आवर घालण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. मध्य-पश्चिमेकडील सात विद्यापीठांनी १८९६ साली प्राध्यापकांच्या देखरेखीखाली एक संघटना केली. तीच पुढे 'बिग टेन' म्हणून गाजली. १९०५ च्या हंगामात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या मंडळींना बोलावून कानउघाडणी केली, तरीही त्या हंगामात मैदानावर मृत्यू होतच राहिले, आणि १९०६ साली राष्ट्रीय संघटना जन्मास आली. नियम सुधारले, पैशाला लगाम बसला नाही. १९२९ साली कार्नेगी प्रतिष्ठानाने आपला मोठा अहवाल काढला. पाहणी केलेल्या कॉलेजांपैकी बहुतेकांत खेळाडूंना या ना त्या रूपाने पैसे पोचतात, असे त्यात नावानिशी लिहिले होते. पुढे काय झाले? लोकांनी अहवाल वाचला आणि शनिवारी तिकीट काढले.

त्याच १९२९ साली रॉबर्ट हचिन्स वयाच्या तिसाव्या वर्षी शिकागोचे अध्यक्ष झाले. थोर ग्रंथांचे अध्ययन हेच विद्यापीठाचे काम, असे मानणारा हा मनुष्य. सत्तरीचा नियम पुढे करून त्यांनी स्टॅगना निवृत्त केले. सल्लागाराचे काम देऊ केले होते. वृद्ध स्टॅगनी ते नाकारले आणि ते १९३३ साली कॅलिफोर्नियातील एका लहान कॉलेजात शिकवावयास गेले. तेथे आणखी चौदा हंगाम त्यांनी संघ उभे केले. त्यांना १०२ वर्षांचे आयुष्य लाभले. चाळीस वर्षे एकच जागा सांभाळलेल्या माणसाला असे निरोप देणे आम्हांस रुचत नाही. पण खाते आणि माणूस एकच होऊन बसले होते, हेही खरे.

स्टॅगनंतर खात्याची सूत्रे मेटकाफ यांच्याकडे आली. १९३५ साली सर्वोत्तम खेळाडूचे, पुढे हाइझमन या नावाने प्रसिद्ध झालेले पारितोषिक पहिल्याच वर्षी शिकागोच्या जे बर्वांगर याने पटकावले. परंतु अभ्यासक्रम कठीण, आणि इतर विद्यापीठांप्रमाणे खेळाडूंसाठी सोपे वर्ग काढण्यास हचिन्स तयार नव्हते. १९३९ साली त्याचे फळ मिळाले. मिशिगनकडून ८५-०, हार्वर्डकडून ६१-०, ओहायोकडून ६१-०. डिसेंबरात विश्वस्तांनी फुटबॉल बंद केल्याचे जाहीर केले. संघ दुबळा म्हणून शिक्षकाला दोष द्यावा, तर तेच शिक्षक शॉनेसी पुढच्या वर्षी स्टॅनफर्डला गेले आणि तेथे एकही सामना हरले नाहीत.

हचिन्सनी व्यायाम बंद केला असा गैरसमज करून घेऊ नये. इतर खेळ चालू राहिले, विद्यार्थ्यांचे आपापसांतील सामनेही चालू राहिले; बंद झाली ती तिकिटांची खिडकी. आमच्या मते त्यांचा निर्णय बरोबर होता, पण एक गोष्ट मान्य करावी लागते. शिकागोचे उदाहरण गिरवावयास दुसरे कोणतेही मोठे विद्यापीठ पुढे आले नाही. १९४६ साली शिकागो बिग टेनमधून बाहेर पडले, आणि काही वर्षांत ती जागा मिशिगन स्टेटने घेतली. १९५६ साली केवळ खेळाच्या गुणावर शिष्यवृत्ती देण्यास राष्ट्रीय संघटनेने मान्यता दिली. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने दूरचित्रवाणीवरील संघटनेचा मक्ता मोडला, आणि प्रक्षेपणाचे पैसे थेट विद्यापीठांकडे वाहू लागले. २०२५ च्या जून महिन्यात न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीमुळे एका विद्यापीठाला पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंतची रक्कम खेळाडूंना उघडपणे देता येऊ लागली. कार्नेगीच्या अहवालात जो गुन्हा म्हणून नोंदला होता, तो आता खात्याच्या अंदाजपत्रकात खर्चाची एक बाब झाला आहे. आणि मेहनत ज्याची, त्याला काहीतरी मिळाले म्हणून आम्हांस त्याचे वाईटही वाटत नाही.

शिकागोच्या मैदानाला १९१४ पासून स्टॅगचे नाव होते. फुटबॉल बंद झाल्यावर प्रेक्षकांच्या पायऱ्या ओस पडल्या. पश्चिमेकडील पायऱ्यांखाली चेंडूच्या एका खेळाची बंदिस्त खोली होती. तेथे एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटच्या विटा एकावर एक रचल्या, आणि २ डिसेंबर १९४२ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास माणसाने प्रथमच अणूची साखळी-प्रक्रिया आपल्या ताब्यात ठेवून चालविली. १९५७ साली त्या पायऱ्या पाडल्या. १९६९ साली शिकागोने फुटबॉल पुन्हा सुरू केला, तो लहान प्रमाणावर, शिष्यवृत्तीवाचून आणि दुसऱ्या मैदानावर. जुन्या स्टॅग फील्डच्या जागी १९७० साली विद्यापीठाचे मोठे ग्रंथालय उघडले. तेथे प्रवेशाला तिकीट नाही, पण ओळखपत्र दाखवावे लागते.